अकराची घंटा

युरोपात जाणारा आपल्याकडचा प्रवासी हंगेरीत गेलाच, तर बहुधा बुडापेस्ट पाहून परततो. डॅन्यूबवरचे पूल, बुडाच्या टेकडीवरचा राजवाडा आणि ऊन पाण्याच्या झऱ्यांवरची स्नानगृहे पाहिली, की त्याचा हंगेरीचा हिशेब पुरा होतो. राजधानीला हा मान देणे योग्यच आहे. परंतु एखाद्या देशावर काय काय गुदरले, हे जाणून घ्यायचे असेल, तर त्याच्या सीमेवरचे एखादे लहानसे गाव गाठावे. राजधानीत इतिहासाचे पुतळे असतात. सीमेवरच्या गावात त्याचे व्रण असतात. आज मी आपल्याला अशाच एका गावाची ओळख करून देणार आहे.

या गावाचे नाव कोसेग. हंगेरीच्या पार पश्चिम टोकाला, ऑस्ट्रियाच्या सीमेला लागून ते वसले आहे. वस्ती अकरा-बारा हजारांची. मग्यार भाषेत ‘को’ म्हणजे दगड आणि ‘सेग’ म्हणजे कोपरा. जर्मन भाषेत याच गावाला ग्यून्स म्हणतात. सोंबातहेय या जिल्ह्याच्या शहरापर्यंत मोठी आगगाडी येते. तिथून पुढे 1883 साली सुरू झालेल्या फाट्यावरची छोटी गाडी सुमारे अठरा किलोमीटर उत्तरेला कोसेगपर्यंत जाते, आणि लोहमार्ग तिथेच संपतो. गाडीच्या खिडकीतून आधी सपाट शेते दिसतात. मग पश्चिमेकडे गर्द झाडीच्या टेकड्या हळूहळू वर येऊ लागतात. आल्प्स पर्वताच्या रांगा पूर्वेकडे उतरत उतरत मैदानात विरून जातात, त्यांतल्या या अगदी शेवटच्या. त्यांच्या पायथ्याशी, ज्योंज्योश नावाच्या ओढ्याच्या काठी, हे गाव आहे.

गावात शिरल्यावर परक्या माणसाला पहिला अचंबा वाटतो तो घंटांचा. ख्रिस्ती युरोपात माध्यान्हीला चर्चच्या घंटा वाजतात. 1456 साली हुन्यादी यानोश याने बेलग्रेडच्या वेढ्यात तुर्कांना मागे रेटले, आणि माध्यान्हीची घंटा त्या विजयाची स्मृती आहे, असे हंगेरीतला प्रत्येक शाळकरी मुलगा सांगेल. कोसेगमध्ये मात्र सकाळी अकरा वाजताच घंटानाद सुरू होतो. नवखा प्रवासी घड्याळ काढून पाहतो आणि आपले घड्याळ एक तास मागे पडले की काय, असा त्याला संशय येतो. घड्याळ बरोबर असते. 1777 सालापासून हे गाव रोज अकराला घंटा वाजवीत आले आहे. आणि ती कशासाठी, हे समजण्याकरिता आपल्याला 1532 सालच्या ऑगस्ट महिन्यात जावे लागेल.

1526 साली मोहाचच्या लढाईत हंगेरीचा तरुण राजा दुसरा लायोश मृत्युमुखी पडला आणि त्याच्याबरोबर जुने हंगेरीचे राज्यही कोसळले. 1529 साली सुलतान सुलेमानाने व्हिएन्नाला वेढा घातला, पण शहर हाती न लागताच त्याला परतावे लागले. तीन वर्षांनी तो पुन्हा निघाला. फौज एक लाखाहून अधिक होती, असे सामान्यतः सांगतात; आपल्या बखरींतल्या आकड्यांप्रमाणे हा आकडाही जरा हात राखूनच घ्यावा. तरीही सैन्य प्रचंड होते यात शंका नाही, आणि व्हिएन्नाच्या वाटेवर त्याच्यासमोर कोसेगसारखी ठाणी म्हणजे पाचोळाच होती. बऱ्याच ठाण्यांनी किल्ल्या हाती दिल्या. कोसेगने दिल्या नाहीत.

गावाचा किल्लेदार मिक्लोश युरिशिच हा जन्माने क्रोएशियन, आद्रियाटिक समुद्रकाठच्या सेन्य बंदराचा. त्याच्याजवळ कसलेली शिबंदी म्हणावी तर काही डझन स्वार. बाकीचे सात-आठशे लढवय्ये म्हणजे गावातले कारागीर, द्राक्षमळेवाले, आणि तुर्कांच्या भीतीने आसपासच्या खेड्यांतून आश्रयाला आलेले शेतकरी. तोफा नव्हत्या म्हटल्या तरी चालेल, दारूगोळाही बेताचाच. समोर सेनापती होता खुद्द वजीर-ए-आझम इब्राहिम पाशा. तटाखाली सुरुंग लावले गेले, खिंडारे पडली, आणि ती रातोरात लाकडा-मातीने बुजवली गेली. एकोणीस हल्ले परतवले, असे इतिहासकार नमूद करतात. शेवटच्या हल्ल्यात तुर्क तटावर चढले असता गावातल्या बायका, मुले आणि म्हातारी माणसे यांनी एकच आकांत केला, आणि त्या कोलाहलाने हल्लेखोर बिथरून मागे सरले, असे सांगतात. हातात तलवार घेतलेला एक स्वर्गीय स्वार त्या क्षणी तुर्कांना दिसला, अशी श्रद्धा आहे. सोंबातहेय ही संत मार्टिनची जन्मभूमी. तेव्हा तो स्वार संत मार्टिनच, याविषयी गावकऱ्यांना शंका नव्हती.

श्रोतेहो, इथवरची कथा कोणत्याही मराठी माणसाला ओळखीची वाटेल. मूठभर माणसे, बेलाग शत्रू आणि झुंजणारा किल्ला, हे चित्र आपल्या रक्तात मुरलेले आहे. परंतु कोसेगच्या कथेचा शेवट आपल्या कथांसारखा नाही, आणि म्हणूनच तो मला विचार करण्यासारखा वाटतो.

ऑगस्टच्या अखेरीस युरिशिच स्वतः जखमी होता, दारू संपत आली होती आणि माणसे थकली होती. तिकडे इब्राहिम पाशाचेही दिवस वाया जात होते. पावसाने सैन्य चिखलात रुतत होते. दोघे एकमेकांना अनोळखी नव्हते. दोनच वर्षांपूर्वी, 1530 साली, युरिशिच राजा फर्डिनांडचा वकील म्हणून इस्तंबूलला गेला होता, आणि तिथे त्याने याच पाशाशी बोलणी केली होती. आता तो पुन्हा त्याच्यासमोर बसला, तो मात्र पाशाच्या छावणीतल्या तंबूत. ठरले ते असे: गावाने नावापुरती शरणागती पत्करायची, तटावर तुर्की निशाण लावू द्यायचे, आणि तुर्की सैन्याने गावाला धक्का न लावता निघून जायचे. 30 ऑगस्ट रोजी सकाळी अकरा वाजता शेवटचे तुर्की सैनिक गावासमोरून हलले, अशी परंपरा आहे. सुलतान पुढे व्हिएन्नाला गेला नाही. तिथे सम्राट पाचवा चार्ल्स याने मोठी फौज जमवली होती, आणि मोहिमेचा मोसमही सरत चालला होता. स्टायरियाच्या मुलुखातून लूटमार करीत तो परत फिरला. व्हिएन्ना वाचले ते कोसेगमुळेच की काय, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. सुलतानाचे तीन आठवड्यांहून अधिक दिवस या एका गावापायी खर्ची पडले, एवढे मात्र निर्विवाद आहे.

आता याला जय म्हणावे की पराजय? कागदोपत्री पाहाल तर कोसेग सुलतानाला शरण गेले. निशाण तुर्कांचे लागले. कठोर न्यायाने पाहणारा एखादा वीरवृत्तीचा मनुष्य युरिशिचला दोषही देईल. परंतु गावाने मानापेक्षा माणसांचा हिशेब केला. शत्रूला निशाण मिळाले आणि गावाला गाव मिळाले. विशेष हे, की नंतरच्या पिढ्यांनी ही तडजोड लपवली नाही. लढाईतल्या एखाद्या पराक्रमाची घटका निवडून त्यांनी घंटा बांधली असती, तर कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी निवडली ती शत्रू निघून गेल्याची वेळ. अकराची घंटा वाजते ती एवढेच सांगते, की संकट गेले आणि आपण अजून इथे आहोत.

गाव पाहताना ही जाणीव सतत सोबत राहते. मुख्य चौकाला युरिशिचचेच नाव आहे. चौकात शिरण्याची भव्य वेस पाहून प्रवासी तिला मध्ययुगीन समजतो. वास्तविक हा ‘वीरांचा मनोरा’ वेढ्याच्या चारशेव्या स्मृतिवर्षी, 1932 साली उभारलेला आहे. चौकाच्या मध्यभागी दोन चर्चे जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभी आहेत. त्यांपैकी संत याकोबचे चर्च जुने, गॉथिक घडणीचे. त्यात युरिशिचच्या दोन लहान मुलांची समाधी आहे. गाव वाचवणाऱ्या किल्लेदाराला स्वतःची मुले राखता आली नाहीत, हे त्या शिळेसमोर उभे राहिले की उगाच मनात येते. दुसरे संत इम्रेचे चर्च सतराव्या शतकातले. एवढ्याशा चौकात दोन चर्चे कशासाठी? कारण गावात भाषा दोन होत्या. प्रॉटेस्टंट पंथाच्या त्या काळात जर्मन बोलणारे एका देवळात प्रार्थना करीत. मग्यार बोलणाऱ्यांनी आपल्यासाठी शेजारीच दुसरे बांधले. शेजार मोडला नाही. प्रार्थना मात्र ज्याने त्याने आपापल्या भाषेत केली.

चौकामागच्या गल्ल्यांतली घरेही पाहण्याजोगी आहेत. ती एका रेषेत नाहीत. करवतीच्या दातांसारखा प्रत्येक घराचा एक कोपरा रस्त्यावर थोडा पुढे आलेला आहे. त्या कोपऱ्याआड दबा धरून शत्रूवर चालून जाता यावे म्हणून ही रचना, असे स्थानिक लोक सांगतात. तसे असो वा नसो; खिडकीतून सबंध गल्लीवर नजर ठेवण्याची सोय त्यात आहे, हे खरे.

किल्ल्यातल्या संग्रहालयात तलवारी आणि चिलखते आहेत, पण मला तिथली सर्वांत मोलाची वस्तू वाटली ती एक वही. तिचे नाव ‘द्राक्षकोंबांचे पुस्तक’. 1740 सालापासून दर वर्षी 24 एप्रिलला, संत जॉर्जच्या दिवशी, गावाच्या निरनिराळ्या मळ्यांतून द्राक्षवेलीचे कोवळे कोंब तोडून आणतात आणि त्यांची हुबेहूब चित्रे या पुस्तकात काढतात. शेजारी त्या वर्षीच्या पिकापाण्याची नोंद. कोंब मोठा असेल तर वसंत लवकर आला. इवलासा असेल, किंवा नसेलच, तर थंडी रेंगाळली. पावणेतीनशेहून अधिक वर्षे ही नोंद अखंड चालू आहे. हवामानाच्या अभ्यासकांना आता तिचे महत्त्व कळले आहे. वसंत कोणत्या शतकात केव्हा येत असे, याची साक्ष इतक्या सलगपणे देणारे दफ्तर दुर्मीळच. माझा जन्म दफ्तरांत गेला आहे. तेव्हा कोणाच्या हुकुमाची फारशी आठवण नसताना, केवळ रिवाज म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चाललेली ही नोंद पाहून माझा हात आपोआप जोडला गेला.

परंतु ती पाने डोळ्यांसमोर आणताना एक प्रश्न मनात उभा राहतो, आणि तो टाळून या गावाविषयी बोलणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 1944 च्या एप्रिलातही कोंब चितारले गेले असतील. त्याच वर्षी उन्हाळ्यात कोसेगच्या ज्यू नागरिकांना गोळा करून ऑशविट्झच्या मृत्युछावणीकडे पाठवण्यात आले. त्यांचे प्रार्थनामंदिर 1859 सालचे. याच गावात जन्मलेल्या फिलिप शाय या सावकाराने स्वखर्चाने बांधून दिलेले. पुढच्या हिवाळ्यात जर्मनांच्या सीमातटबंदीचे खंदक खणण्यासाठी हजारो ज्यू वेठबिगारांना गावात आणले गेले. उपासमार, थंडी आणि टायफस यांनी त्यांतले कित्येक इथेच दगावले. याच महिन्यांत हंगेरीचे फासिस्ट सरकार पळत पळत कोसेगला येऊन पोहोचले आणि त्याने संत इश्त्वानचा पवित्र राजमुकुटही इथल्या एका तळघरात आणून लपवला. 1945 च्या मार्चमध्ये मुकुट पश्चिमेकडे गेला, पुढे अमेरिकनांच्या हाती लागला, आणि 1978 साली हंगेरीला परत मिळाला. माणसांना परतीची वाट तशी सापडली नाही. 1946 साली पाळी आली जर्मन बोलणाऱ्यांची. ज्यांच्या पूर्वजांनी 1532 च्या तटावर दगड वाहिले होते, त्या कुटुंबांनाही सरकारी फर्मानाने देशाबाहेर घालवण्यात आले.

एका गावाने दीड शतकाहून अधिक काळ शत्रूला बाहेर ठेवल्याची घंटा वाजवली, आणि दोन-तीन वर्षांच्या आत त्याचेच शेजारी त्याच्या वेशीतून बाहेर काढले गेले. त्यांच्यासाठी कोणतीही घंटा ठरलेली नाही. हे मी दूषण म्हणून सांगत नाही. दूषण द्यायला आपण कोण? कोणतेही गाव आपल्यावर आलेल्या संकटाची आठवण जपते. आपल्या देखत दुसऱ्यावर आलेल्या संकटाची आठवण जपणे फार अवघड असते. ते प्रार्थनामंदिर कित्येक दशके ओस पडून ढासळत होते. अलीकडच्या वर्षांत त्याची डागडुजी होऊन दारे पुन्हा उघडली आहेत. प्रार्थना करणारा समाज आता गावात नाही, पण भिंती उभ्या राहिल्या, याला मी लहान गोष्ट मानीत नाही.

गावातून मन जड झाले असेल तर डोंगराकडे निघावे. वाट सोपी आणि सुरेख आहे. द्राक्षमळे ओलांडले की गोड चेस्टनटची झाडे लागतात. शरदात त्यांच्या काटेरी फळांचा वाटेवर सडा पडतो. पुढे ‘सात झरे’ हे ठिकाण येते. मग्यारांच्या सात आद्य सरदारांची नावे त्या सात तोट्यांना दिलेली आहेत, आणि तहानलेला वाटसरू आपल्या आवडीच्या सरदाराचे पाणी पितो. वरच्या माथ्यावर गावाच्या आधीच्या किल्ल्याचे अवशेष आहेत, त्यांना ‘जुने घर’ म्हणतात. मग बीच आणि स्प्रूसच्या दाट सावलीतून चालत राहावे. झाडांच्या बुंध्यांवर पांढऱ्या पट्ट्यांमध्ये निळी रेघ रंगवलेली दिसते. ही हंगेरीची प्रसिद्ध ‘निळी वाट’. 1938 साली तिची आखणी झाली, आणि आज अकराशे किलोमीटरांहून अधिक अंतर तोडीत ती देशाच्या ईशान्य टोकापर्यंत जाते. वाटेवर ठिकठिकाणी शिक्के ठेवलेले असतात. पांथस्थ आपल्या पुस्तिकेवर ते उमटवून घेतो. शिक्क्यांसाठी माणसे आनंदाने डोंगर चढताना मी प्रथमच पाहिली.

चार-पाच तासांच्या चालीनंतर माथा येतो. त्याचे नाव ईरोत्त-को, म्हणजे ‘लिहिलेला दगड’. जर्मन नावाचाही, गेश्रीबेनश्टाइनचा, अर्थ तोच. उंची सुमारे 884 मीटर. पश्चिम हंगेरीतला हा सर्वांत उंच माथा. माथ्यावर 1913 साली बांधलेला दगडी मनोरा आहे. बांधला तेव्हा तो एका राज्याच्या पोटात होता. पहिल्या महायुद्धानंतर ट्रिआनॉनच्या तहाने हंगेरीचे लचके तुटले, 1921 साली पश्चिमेचा पट्टा ऑस्ट्रियाकडे गेला, आणि नवी सीमा नेमकी या मनोऱ्यातून आखली गेली. निम्मा मनोरा इकडे, निम्मा तिकडे. कोसेगच्या बाजाराला येणारी पलीकडची खेडी एका रेघेने परदेशात गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या रेघेवर काटेरी तारा आल्या, काही काळ भूसुरुंगही पेरले गेले, आणि या पट्ट्यात यायलाच परवाना लागू लागला. 1989 च्या मे महिन्यात हंगेरीने तारा काढायला सुरुवात केली. 21 डिसेंबर 2007 पासून सीमेवरची नित्याची तपासणीही बंद झाली. 2015 साली निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा ऑस्ट्रियाने रस्त्यांवर पहारा पुन्हा बसवला. तेव्हा सीमा कायमची मिटली, असे म्हणण्याची घाई कोणी करू नये.

तरीही मनोऱ्यावर उभे राहिले की रेघ दिसत नाही. दोन्हीकडे एकच रान. शेजारी एक ऑस्ट्रियन कुटुंब आणि काही हंगेरियन विद्यार्थी आपापल्या शिदोऱ्या सोडून बसले होते. कोणाचा पाय कोणत्या देशात आहे, याकडे कोणाचे लक्ष नव्हते. जमिनीच्या मोजणीचे आणि हद्दीचे कागद वर्षानुवर्षे हाताळलेल्या माझ्यासारख्याला ते बेफिकीर बसणे फार सुखाचे वाटले.

श्रोतेहो, आपल्यापैकी कोणी कधी त्या बाजूला गेलात, तर कोसेगसाठी दोन दिवस ठेवा. एक दिवस डोंगराला द्या आणि एक दिवस गावाला. गावातल्या दिवशी सकाळी अकराच्या आधी युरिशिच चौकात पोहोचा आणि घंटा ऐका. त्या थांबल्या, की तिथून थोड्याच अंतरावर असलेल्या त्या दुरुस्त केलेल्या प्रार्थनामंदिरापाशीही जा. तिथे घंटा नाही. दोन मिनिटे उगीच उभे राहा. मगच गाव पाहून झाले, असे म्हणता येईल.